टिटवाळ्याच्या कढया

बाई कोणालाही "कसे आहात?" असं विचारत नसत. समोर रिक्षावाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, नाहीतर आपण मयताच्या घरी भेटायला गेलेलो असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काल संध्याकाळी काय जेवलात?" माणूस गांगरून "वरणभात" म्हणाला की लगेच दुसरा: "आणि घरातल्या बाईनं काय खाल्लं?"

इथे बहुतेक पुरुष विषय बदलायचे. ठाण्यात नौपाड्यातल्या बँकेचा मॅनेजर मात्र एकदा चिडला. "मॅडम, तेच खाल्लं असेल ना, जे मी खाल्लं!"

बाई टेबलावर पुढे झुकल्या. "असेल? म्हणजे बघितलं नाहीत?"

मागे रांग उभी होती. रांगेतल्या दोन बायका खुदकन हसल्या. मॅनेजरनं सगळ्यांसमोर बायकोला फोन लावला, काहीतरी विचारलं, ऐकलं आणि फोन ठेवून दिला. उत्तर त्यानं आम्हाला सांगितलं नाही. पण त्यानंतर बाई बँकेत गेल्या की तो खुर्चीतून उठून उभा राहायचा.

बाई सार्वजनिक आरोग्याच्या संशोधक. कुटुंबाचा आहार हा त्यांचा विषय, आणि तो त्यांनी उभ्या आयुष्यात बदलला नाही. डोंबिवलीतल्या शाळांमधल्या मुलांच्या डब्यांपासून सुरुवात केली होती. मग कल्याणच्या घाऊक बाजारातल्या हमालांची घरं, मग टिटवाळ्याच्या चाळी आणि नव्या इमारती. परदेशातून बोलावणी आली, दिल्लीहून आली. त्यांनी नाकारली. कारण विचारलं तर म्हणत, "तिकडच्या स्वयंपाकघरात मला कोण आत घेणार?"

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझे वडील कल्याणला छापखान्यात कामाला. घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं ढिगानं. पाणीटंचाई, शाळांची फीवाढ, कामगारांचा बोनस. "नागरिकहो, जागे व्हा!" हे मी बाराखडी पुरी होण्याआधी वाचलेलं. कॉलेज संपल्यावर मीही तेच करत होते. कल्याण स्टेशनच्या बाहेर टँकरच्या पाण्यावरचं माझं पत्रक वाटत होते, तेव्हा कॉटनची साडी आणि पायात बूट घातलेली एक बाई पत्रक घेऊन पुढे गेली, थांबली, वाचलं आणि परत आली.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"रागावलीयस छान. शेवटपर्यंत वाचायला लावलंस. आता मी काय करू, ते कुठेय यात?"

"म्हणजे?"

"अगं, मी जागी झाले. पुढे काय करू? कुठे जाऊ? कोणाला भेटू?"

मी म्हणाले, लोकांनी आधी पेटून तर उठायला हवं. त्या म्हणाल्या, "पेटतील गं. पण पेटलेल्या माणसाला पत्ता द्यायचा असतो." मग अर्थातच मी काल काय जेवले ते विचारलं. वडापाव म्हटल्यावर कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी नौपाड्यातल्या ऑफिसात बोलावलं. मी गेले, ती तिथेच राहिले. ऑफिसात त्यांना सगळे मॅडम म्हणत. मी बाई म्हणू लागले, कारण माझी पत्रकं त्या शाळेतल्या बाईंसारख्या लाल पेनानं तपासायच्या.

त्या तपासणीनं मी किती वेळा रडकुंडीला आले असेन! "भगिनींनो" त्या खोडून टाकत. "पाहिजे" दिसला की त्याच्याभोवती गोल. उद्गारचिन्हं तर एकही ठेवत नसत. "उद्गारचिन्हात लोह नसतं," असं समासात लिहून पत्रक परत. एकदा मी पौष्टिक आहाराच्या पत्रकावर छान रंगीत सफरचंद टाकलं. बाईंनी त्याच्यावर फुली मारली. "टिटवाळ्यात सफरचंद कोणासाठी आणतात?"

"आजारी माणसासाठी."

"मग? पत्रक बघून बायकांना वाटेल, आपल्याला काहीतरी झालंय. शेवगा काढ. मेथी काढ. परवडेल आणि कळेल असं काहीतरी काढ."

त्यांचा दुसरा नियम म्हणजे हॉलमध्ये बसायचं नाही. कोणाच्याही घरी गेल्या की चपला काढून थेट स्वयंपाकघरात. "हॉलमध्ये सगळी कुटुंबं सुदृढ असतात," असं त्यांचं मत. त्यांच्या पिशवीत एक स्टीलची वाटी कायम असायची, मापाची. लग्नातसुद्धा मसालेभात आधी वाटीत, मग पानात. वाढपी वैतागून म्हणायचा, "मावशी, वाढतो ना पाहिजे तेवढा!" त्या म्हणायच्या, "तू वाढ रे, मी फक्त बघतेय."

आणि त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य, जे ऐकलं की मी आजही खुर्चीत ताठ होते: "कुटुंब जेवत नाही. कुटुंबातली माणसं जेवतात." मोठमोठ्या परिषदांमध्ये कोणी कुटुंबाच्या आहाराची सरासरी पडद्यावर दाखवली की बाई हात वर करून विचारत, "यातलं शेवटी जेवायला कोण बसलं होतं?" मला तर हे वाक्य भिंतीभिंतींवर रंगवावंसं वाटायचं. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला आणखी काय हवं असतं!

आता कढयांबद्दल.

टिटवाळ्यात आमचं मोठं काम चालू होतं. तिथल्या बायकांच्या अंगात रक्त कमी. वैशाली नावाची एक तरुण सून होती, नवरा कल्याणच्या बाजारात भाजीच्या गाळ्यावर. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि प्रत्येक मजल्यावर थांबायची. "बघायला छान वाटतं खिडकीतून," असं सांगायची. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. सरकारी गोळ्या घेतल्या की तिला मळमळायचं, म्हणून बंद केलेल्या. अशा कितीतरी जणी. बाईंनी उपाय काढला, तो लोखंडी कढईचा. लोखंडी भांड्यात भाजी-आमटी शिजली की लोह थोडं थोडं अन्नात उतरतं. औषध नाही, मळमळ नाही, रोजचाच स्वयंपाक. बायकांना कढया द्यायच्या आणि रक्त तपासत राहायचं.

द्यायच्या कशा? बाई म्हणाल्या, "संक्रांत आलीय. हळदीकुंकू करू. सगळ्या बायका येतात. कढई वाण म्हणून देऊ."

मी पेटले. "हळदीकुंकू? विधवांना दाराबाहेर ठेवणारं? बाई, याचं पत्रक मी लिहिणार नाही!"

"बरोबर आहे तुझं. मीसुद्धा बिनलग्नाची, मलाही कोणी बोलवत नाही. मग आपण असं करू, सगळ्यांनाच बोलवू. रक्त काय कुंकू बघून कमी होतं?"

ते पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. 'प्रत्येक बाईनं यावं' एवढंच त्यात मोठ्या अक्षरात होतं, आणि बाईंनी लाल पेन उघडलंही नाही.

त्या दिवशी टिटवाळ्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये वैशालीची सासू दारातच उभी राहिली. चिपळूणकडची बाई, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. "मी हितंच बरी गो," म्हणत होती. बाईंनी तिचा हात धरून आत आणलं, हळद लावली, तिळगूळ दिला, हातात कढई ठेवली. मागच्या दोघीचौघी कुजबुजल्या. म्हातारी कढईकडे बघत राहिली. मला वाटलं, क्रांती म्हणतात ती हीच!

नेमक्या त्याच वर्षी बाई जिन्यावरून पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. घरोघरी जाणं बंद. आमच्या कार्यकर्त्या जाऊन विचारून यायच्या, "कढई वापरता ना?" बायका म्हणायच्या, "हो हो, आहे ना कढई." पण रक्ताचे आकडे हलेनात. वैशाली प्रत्येक मजल्यावर थांबतच होती. बाई अंथरुणात बसून कागद चाळायच्या आणि चिडचिड करायच्या. "लोखंड खोटं आहे का गं? की माझं डोकं?"

वर्ष संपलं. ज्या संस्थेच्या मदतीवर हे काम चालायचं, तिच्या समितीची बैठक जवळ आली. काम पुढे चालू ठेवायचं की टिटवाळ्यातलं बंद करायचं, हे त्या बैठकीत ठरणार होतं. बंद झालं तर वैशाली आणि तिच्यासारख्या सगळ्या परत त्याच गोळ्यांवर.

आणि पुन्हा संक्रांत आली. काठी टेकत चालू लागलेल्या बाईंना नौपाड्यात राहणाऱ्या त्यांच्या वहिनींनी घरी बोलावलं. हळदीकुंकवाला नव्हे, नुसतं तिळगूळ घ्यायला. निघताना वहिनींनी हातात काहीतरी जड वस्तू दिली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

संध्याकाळी माझा फोन वाजला. पलीकडून बाई अक्षरशः ओरडत होत्या. "सापडलं गं! सापडलं! आत्ताच्या आत्ता ये!"

मी धावत बाईंच्या घरी गेले. बाई सोफ्यावर बसलेल्या, मांडीवर लोखंडी कढई. आमच्या कढयांच्या कानाजवळ आम्ही लोहाराकडून तीन ठिपके ठोकून घेतले होते. या कढईला तीन ठिपके होते. कोरी, तेलाचा थेंबही न लागलेली.

"वहिनीला डोंबिवलीच्या बहिणीनं दिली," बाई सांगत होत्या. "बहिणीला शेजारणीनं. शेजारणीची जाऊ टिटवाळ्याची! अगं, वाण कोण वापरतं? वाण पुढे देतात! माझ्या आईच्या माळ्यावर वाणाची केवढी भांडी होती. एक डबासुद्धा तिनं कधी वापरला नाही. हे मला माहीत होतं! लहानपणापासून माहीत होतं! आणि मी औषध वाण म्हणून वाटलं!"

मला रडू येत होतं. बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही टिटवाळ्याला. बाई काठी टेकत तीन मजले चढल्या आणि सरळ वैशालीच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर ॲल्युमिनियमची कढई.

"वैशाली, लोखंडाची कुठेय?"

वैशाली लाजली. "मॅडम, ती... नणंदेला दिली हो. वाणाची होती ना. माझ्याकडे पण एक आलेली फिरून, तुमचीच. ती पण दिली."

"आणि मावशी, तुमची?"

सासूनं मान ताठ केली. "लेकीला दिली, डोंबिवलीला. तिच्या शेजारणींच्या देखत. इतकी वर्षं मी कुणाला वाण दिलं नव्हतं. मला कोण देणार नि मी कुणाला देणार? तुम्ही दिलंत. मग मलापण द्यायचं होतं."

माझ्या एवढ्या मोठ्या क्रांतीनं कढई डोंबिवलीला पाठवली होती! पण त्या म्हातारीचा चेहरा बघून मला एक शब्दही परत घ्यावासा वाटला नाही.

बाईंनी ओट्याला टेकून विचारलं, "मावशी, समजा ती कढई आधी वापरलेली असती तर दिली असतीत?"

"इश्श! वापरलेलं वाण कोण देतं? लोकं शेण घालतील तोंडात."

बाईंनी काठी वर केली. खरंच वर केली, झेंड्यासारखी. "चला!"

बैठक ठाण्यात होती. आदल्या दिवशी समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. निवृत्त अभियंते, भला माणूस. "मॅडम, कढया सगळ्यांपर्यंत पोहोचल्या ना? मग अहवालात तेवढंच लिहा. वाटप पूर्ण. खोटं काहीच नाही त्यात. बाकीचं पुढच्या वर्षी बघू. काम बंद पडायला नको, एवढंच माझं म्हणणं."

ऑफिसातल्या बऱ्याच जणांना ते पटलं. मलाही भीती वाटत होती, कारण डोळ्यांसमोर जिन्यातल्या खिडकीशी टेकलेली वैशाली होती. बाई म्हणाल्या, "वाटपानं रक्त वाढत असतं तर मी पोस्टात नोकरी केली असती."

बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य: "कढया चुलीवर चढल्याच नाहीत."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी गेल्या संक्रांतीला आलेलं वाण कुठे आहे? जरा घरी फोन करून विचारा."

एका सदस्यानं खरंच फोन केला. "अगं, ते वाणाचे डबे... माळ्यावर? सगळे? बरं, बरं." लोक हसायला लागले. एक सदस्यबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माझ्याकडे तर बारा वर्षांपूर्वीचे चमचे आहेत, कव्हरसकट."

अध्यक्ष मात्र हसले नाहीत. "म्हणजे मॅडम, एक वर्षाचं काम चुकलं."

"हो! पूर्ण चुकलं!" बाईंचा आवाज असा होता, जणू बक्षीस मिळालंय. "किती छान चुकलंय बघा ना! लोखंड खरं आहे, बायका खऱ्या आहेत, फक्त आपण कढई कोरी दिली. कोरी वस्तू पुढे जाते. वापरलेली जात नाही. या वेळी हळदीकुंकवातच चुली पेटवायच्या. प्रत्येकीनं आपल्या कढईत तिथेच भाजी करायची, तिथेच खायची, आणि मग कढई घरी न्यायची."

"आणि तीही नाही वापरली तर?"

"तर मी पुन्हा इथे येऊन सांगेन."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. समितीत कुजबुज झाली. शेवटी ते म्हणाले, "रथसप्तमीपर्यंत करा. मी स्वतः टिटवाळ्याला येतो. डोळ्यांनी बघतो. मग तिथेच सांगतो, चालू की बंद."

त्या आठवड्यात आम्ही काय धावलो! लोहार, गॅसच्या शेगड्या, मेथीच्या जुड्या. वैशालीच्या नवऱ्यानं भाजी टेम्पोतून आणून टाकली. पत्रक मी लिहिलं, त्यात शेवटी एकच सूचना: 'येताना भूक घेऊन या.' बाईंनी त्याखाली लाल पेनानं बरोबरची खूण केली. ती खूण मला कुठल्याही पारितोषिकापेक्षा मोठी.

रथसप्तमीला सोसायटीच्या अंगणात शेगड्यांच्या रांगा लागल्या. लसणाच्या फोडणीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असणार. सधवा, विधवा, बिनलग्नाच्या, सगळ्या घामाघूम, एकमेकींच्या कढईत डोकावत, नावं ठेवत. "तुझी करपली गं!" "करपली नाय, खरपूस झालीय!" वैशालीच्या सासूनं कोकम घालून आमटी केली. ती काळपट झाली, तशी ती वैतागली. "बघा, ही अशी काळी होते म्हणून माणसं खात न्हाईत."

बाईंनी वाटी पुढे केली. "मला वाढा."

त्यांनी पिऊन टाकली आणि वाटी पुन्हा पुढे केली. मग अध्यक्षांनाही प्यावी लागली.

अध्यक्ष कढया बघत फिरत होते. वैशालीजवळ थांबून त्यांनी विचारलं, "काय मग, ही कोणाला देणार?"

वैशाली भाजी खात होती. घास तोंडात, कढई कुशीत. "ही? अहो, मेथी केली ना हिच्यात. तेल लागलंय, डाग पडलाय. आता कशी देणार कुणाला? आता ही माझीच." आणि सासूकडे वळून, "आई, तुमची पण राहिली हां आता तुमच्याकडे!"

"राहू दे. एक दिली ना मी. आता खाते," असं म्हणून सासू सगळ्यांच्या मधोमध पान घेऊन बसली.

अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. माईक नव्हता, घसा खाकरला. "टिटवाळ्याचं काम चालू राहील," ते म्हणाले. "पुढच्या तपासणीपर्यंत नाही, पुढचं पूर्ण वर्ष." काय टाळ्या पडल्या! मी तर शेगडीवर पडता पडता वाचले. मी बाईंना मिठी मारायला वळले.

बाई ऐकतच नव्हत्या. त्या अंगणाच्या कोपऱ्यातल्या नळाकडे टक लावून बघत होत्या. तिथे एक बाई आपली कढई घेऊन उकिडवी बसली होती. तारेची घासणी आणि साबण घेऊन ती जीव खाऊन घासत होती. तेल गेलं, डाग गेला, काळिमा गेला. कढई पुन्हा कोरी करकरीत, उन्हात लखलखत होती. तिनं ती पदरानं पुसली आणि मोठ्या समाधानानं वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली.

बाईंनी माझा दंड असा धरला की बोटं रुतली. डोळे चमकत होते.

"अगं, बघ! बघ तिकडे! चल लवकर, तिला विचारू या. परत चुकलोय आपण!"

आणि त्या काठी तिथेच टाकून नळाकडे धावल्या.